चुंबकाचं तोंड दाराकडे

विज्ञानाच्या इतिहासात अशा घटका फार थोड्या येतात, की एका हाताच्या हालचालीने निसर्गाचा नियम उलटा होतो आणि मनुष्यजातीला पुढची शंभर वर्षं पुरेल एवढं विचाराचं खाद्य मिळतं. अशी एक घटका मी या डोळ्यांनी पाहिली आहे. एवढंच कशाला, तो हात माझाच होता. दुसऱ्या हातात हळदीकुंकवाची कोयरी होती.

“सरोदे, असं नको. तोंड दाराकडे करा त्याचं,” उपासनी सर म्हणाले.

“कुणाचं, सर?”

“चुंबकाचं हो. पाटी दिसली पाहिजे.”

खंडेनवमी होती. सुताराने करवत पुजावी, न्हाव्याने वस्तरा, तशी आमच्या पदार्थविज्ञान विभागात उपकरणं पुजायची रीत होती. मी तिथला तंत्रसहायक. सत्तावीस वर्षं झाली होती, त्यामुळे पुजारीपण आपोआप माझ्याकडे आलं होतं. ते नेमणूकपत्रात नव्हतं. पण नेमणूकपत्रात जे होतं तेही मी फारसं करत नसे, त्यामुळे हिशेब बरोबर होता. पंपाला फूल, मीटरला फूल, नायट्रोजनच्या टाकीला हार. संगणकाला कुंकू पडद्यावर लावायचं की खोक्यावर, यावर दर वर्षी पाच मिनिटं चर्चा होई आणि दर वर्षी ते उंदरावर लागे.

चुंबक म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतलं दैवतच. माझ्या छातीइतका उंच, सातशे किलोंचा, दोन लठ्ठ वेटोळी समोरासमोर बसवलेली आणि मधे चार बोटांची फट. त्या फटीत वरून नळी सोडायची, नळीच्या टोकाला तपासायचा तुकडा. एवढं धूड, पण खालच्या बैठकीला एक खुंटी होती. ती ओढली की अख्खा चुंबक जात्यासारखा एका हाताने फिरे. निधी देणाऱ्या खात्याची पितळी पाटी नेमकी भिंतीकडच्या बाजूला होती, आणि खात्याला अहवालाबरोबर फोटो हवा होता, पाटीसकट. मी खुंटी ओढली, अर्धा फेरा दिला, खुंटी बसवली. सरांनी मोबाइलवर तीन फोटो काढले. तिसऱ्यात माझे डोळे उघडे आले.

“परत फिरवू का, सर?”

“आज नको. पूजा झाली ना? उद्या-परवा बघू.”

त्यांचं बरोबर होतं. पुजलेल्या हत्याराला सीमोल्लंघन होईपर्यंत हात लावायचा नाही. हा नियम आमच्याकडे उष्णतेच्या सगळ्या नियमांपेक्षा कडक पाळला जाई. भट्टी तेवढी चालू होती, कारण तिच्यात मयूरीचा तुकडा सहा दिवस शेकत ठेवलेला होता आणि ती स्वतः सणाला गावी गेली होती. भट्टीला देवाने सूट दिली.

दुसऱ्या दिवशी दसरा, मग शनिवार-रविवार, मग माझी रजा. परत आलो तेव्हा हार सुकला होता, तो काढला. पाटी सोडली तर चुंबक पुढूनमागून सारखाच दिसतो. फिरवायचं राहिलं असं म्हणायलासुद्धा, काही राहिलंय हे आठवावं लागतं.

मयूरी ढाकणे ही उपासनी सरांची विद्यार्थिनी. पाथर्डीची. वडील एसटीत वाहक. विभागात मला ‘काका’ सगळेच म्हणत, पण ते ‘काका, चहा सांगा’मधलं ‘काका’ असे. ही मला तिचा प्रयोग समजावून सांगायची. पाच वर्षांत तिने तो मला वीस वेळा तरी सांगितला असेल. मी दर वेळी नव्याने विचारायचो, कारण ती सांगताना तिला स्वतःला काहीतरी नवं सुचे.

“हा तुकडा बघा. तांदळाच्या दाण्याएवढा. कोबाल्ट, मँगनीज आणि गॅलियम. एका टोकाला गरम केलं, की उष्णता दुसऱ्या टोकाकडे जाते.”

“जाणारच. आपल्या गावात मे महिन्यात जो तो दुसऱ्या टोकाकडे जातो.”

“ऐका हो. वीज मात्र आडवी निघते. उष्णता सरळ, वीज आडवी.”

“आमच्या घरी तेच आहे. मी विषय भाजीचा काढतो, उत्तर माझ्या बहिणीवरून येतं.”

“झालं?” ती थांबून विचारायची. माझे विनोद संपेपर्यंत ती अशी उभी राही, जशी माणसं रेल्वेचं फाटक उघडायची वाट बघतात. “साध्या धातूतपण थोडी आडवी निघते, पण बाहेरून चुंबक लावला तर. म्हणजे घाटात चालकाने सुकाणू फिरवलं, म्हणून गाडी वळली. ह्या पदार्थात तसं नाही. हा स्वतःच चुंबक आहे, आणि ह्याच्या आत इलेक्ट्रॉनांचा रस्ताच असा पिळलेला आहे, की चालकाने काही केलं नाही तरी गाडी वळते.”

“चालक झोपला तरी?”

“झोपला तरी. आणि रस्ता थोडा उखडला, खड्डे पडले, तरी घाटाचा पीळ जात नाही. त्या पिळाचं गणित म्हणजे टोपोलॉजी.”

“तुझ्या वडिलांना सांगितलंस हे?”

“सांगितलं. ते म्हणाले, असा घाट असेल तर महामंडळाला कळवायला पाहिजे.”

गाडी डावीकडे वळते की उजवीकडे, हे मीटरवरच्या चिन्हावरून कळे. अधिक आलं तर एक बाजू, उणे आलं तर दुसरी. आकडे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाचे, म्हणजे आमच्या विभागातल्या उत्साहाएवढेच.

अडचण अशी होती, की मयूरीचा तुकडा सगळ्या जगातल्या तुकड्यांसारखा वागत होता. तिने तो स्फटिक वर्षभर खपून वाढवला तोवर परदेशातल्या दोन प्रयोगशाळांनी तसाच वाढवून, मोजून, छापूनही टाकला होता. प्रबंधाच्या परीक्षकाने ‘यात तुमचं नवं काय?’ असं विचारलं असतं, तर तिच्याकडे ‘हा खानदेशात मोजला’ एवढंच उत्तर होतं. डिसेंबरअखेर तिची मुदत संपत होती. जपानमधल्या एका प्रयोगशाळेने तिला जागा देऊ केली होती, पण प्रबंध डिसेंबरात सादर झाला तरच. म्हणून शेवटचा उपाय म्हणून तिने तुकडा सहा दिवस भट्टीत शेकला होता, आत काही बदलतंय का बघायला.

दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी ती धावत माझ्या टेबलाशी आली.

“काका, चिन्ह उलटं आलं!”

“कशाचं?”

“सगळ्याचं! आडव्या विजेचं!”

उपासनी सर आले ते एका पायात चप्पल घालून. त्यांनी आकडे पाहिले, खाली बसले, उठले, परत पाहिले. मग म्हणाले, “मयूरी, उष्णता बंद ठेव आणि नुसता प्रवाह सोडून हॉल परिणाम मोज.” ही दुसरी चाचणी. तिच्यातही वीज आडवीच मोजायची असते. संध्याकाळच्या चहाच्या आत आकडे आले. तेही उलटे.

“दोन-दोन पुरावे!” सर म्हणाले. “समजतंय का सरोदे? शेकल्यामुळे इलेक्ट्रॉनांची पातळी सरकली. आपण खिंड ओलांडली. पलीकडच्या बाजूला घाट उलटा वळतो! हे अजून कुणी दाखवलेलं नाही.”

सरांच्या नावावर शेवटचं मोठं काम होतं त्याला बारा वर्षं झाली होती. त्यानंतर त्यांनी समित्यांवर बसायला सुरुवात केली होती, आणि जो बसला तो सहसा उठत नाही. त्या आठवड्यात हा माणूस जिने धावत चढू लागला. फळा स्वतः पुसू लागला. व्हरांड्यात शीळ घालताना मी त्यांना पकडलं, तेव्हा त्यांनी ती खोकल्यात रूपांतरित केली. मद्रासकडच्या एका नामवंत संस्थेतल्या डॉ. रंगनायकी या विषयातल्या जाणकार. त्यांना पत्र गेलं. दोन आठवड्यांनी, शुक्रवारी, त्या येणार, मयूरीने त्यांच्यापुढे व्याख्यान द्यायचं, आणि सोमवारी शोधनिबंध पाठवायचा, असं ठरलं.

पुढच्या सोमवारची गोष्ट. मयूरी आकृत्या काढत होती, मी शेजारी बसून पेन्सिलींना टोक करत होतो.

“हे दोन-दोन आकडे कशाला गं प्रत्येक ठिकाणी?”

“एकदा चुंबकात प्रवाह असा सोडून मोजायचं, एकदा उलटा सोडून. चुंबकाची दिशा उलटली की आडव्या विजेचं चिन्ह उलटायलाच पाहिजे. उलटलं नाही तर ती खरी आडवी वीज नाही, तारा वाकड्या लागल्यात, असं समजायचं.”

“म्हणजे चुंबक उलटा केला की चिन्ह उलटं.”

“हो.”

“आणि प्रवाह तसाच ठेवला, पण चुंबकच उचलून फिरवला तर?”

“तरी तेच. पण एवढं धूड कोण फिरवतंय?” ती हसून म्हणाली.

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

पेन्सिलीचं टोक मोडलं. नंतर मी आत जाऊन बघितलं. पितळी पाटी दाराकडे तोंड करून चमकत होती. चुंबकाची ताकद मोजणारी छोटी पट्टी चुंबकाच्याच अंगावर चिकटवलेली, म्हणजे तीही त्याच्याबरोबर इमानाने फिरलेली. तिला विचारलं तर ती म्हणणार, सगळं पहिल्यासारखंच आहे.

आता कुणीही विचारेल, की मी तिथल्या तिथे जाऊन सांगितलं का नाही. मीही गेली सात वर्षं विचारतोय. निवृत्तीला चार महिने होते, हे एक. सरांची शीळ, हे दुसरं. मयूरी तेव्हा टाचा न टेकवता चालत होती, हे तिसरं. पण ही झाली वकिलाला सांगायची कारणं. खरं कारण असं, की मला सरळ बोलायची सवय राहिली नव्हती. एकोणीस वर्षं मी आमच्या गावच्या दैनिकात दर रविवारी ‘चष्मा पुसून’ नावाचं विनोदी सदर लिहीत होतो. नगरपालिका, विद्यापीठ, लग्नपत्रिका, कुणालाही सोडलं नव्हतं. जे तोंडावर सांगायचं धाडस नसे, ते मी रविवारी छापून सांगे. लोक हसत, आणि हसले म्हणजे त्यांना कळलं, असं मी धरून चाले.

त्या रविवारच्या सदरात लिहिलं. डॉ. बृहस्पती नावाचे थोर शास्त्रज्ञ, त्यांच्या प्रयोगशाळेत खंडेनवमी, फोटोसाठी चुंबक फिरवतात, पुजलेल्या चुंबकाला हात कसा लावायचा म्हणून तसाच ठेवतात, आणि महिन्याभराने निसर्गाचा नियम उलटल्याचं जाहीर करतात. ‘खुंटी ओढली की धूड जात्यासारखं फिरतं’ हे वाक्य होतं. शेवटचं वाक्य होतं, ‘नियम बदललाच नव्हता, त्याला फक्त फोटोसाठी उभं केलं होतं.’ लिहून झाल्यावर छातीवरचं ओझं उतरलं. झोपही लागली.

सोमवारी विभागात शिरलो तर हशा चालूच होता. उपासनी सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

“काय लिहिता हो सरोदे! पोट दुखलं हसून. तो बृहस्पती म्हणजे रसायनशास्त्राचे विभागप्रमुख ना?”

“तसं कुणी एक नाही, सर.”

“राहू द्या, कळतं आम्हाला. त्यांच्याकडे असंच चालतं.”

दुपारी रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांचा फोन आला. वनस्पतिशास्त्रवाल्यांची चांगली जिरवलीत, म्हणाले.

मी स्वतःला सांगितलं, की झालं माझं काम. चार हजार प्रतींत छापून सांगितलं, आता याहून मोठ्याने कसं सांगणार? मंगळवार गेला, बुधवार गेला.

गुरुवारी दुपारी मयूरी कात्रण घेऊन आली. ती हसत नव्हती. तिने ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि त्यावर बोट ठेवलं.

“काका, यातलं खरं किती?”

“अगं, गंमत आहे ती.”

“ते कळलं. खरं किती?”

“आता विनोदात काय, थोडं इकडचं, थोडं तिकडचं...”

“ही खुंटी खरी आहे,” ती म्हणाली. “पाच वर्षं मी त्या चुंबकापाशी उभी आहे, मला माहीत नव्हतं त्याला खुंटी आहे. मी आत्ता जमिनीवर पालथी पडून बघितली. गंमत करणारा माणूस एवढी बारीक गोष्ट खरी कशाला घालेल?”

मी चष्मा काढला. पुसायला काही नव्हतं.

“फोटो?” तिने विचारलं.

“खरा.”

“हात लावायचा नाही म्हणून तसाच ठेवला, ते?”

“तेही.”

“मग खोटं काय आहे यात?”

“डॉक्टरांचं नाव,” मी म्हटलं.

आम्ही आत गेलो. मी खुंटी ओढली, अर्धा फेरा दिला. पाटी भिंतीकडे गेली. मयूरीने तोच तुकडा, तेच तापमान, तोच प्रवाह लावला. तापमान स्थिर व्हायला दीड तास लागतो. तो दीड तास आम्ही दोन स्टुलांवर बसून पंपाचा आवाज ऐकला. मला त्या काळात बरेच विनोद सुचले. पहिल्यांदाच एकही बोललो नाही.

आकडे आले. चिन्ह आधीसारखं. जगातल्या सगळ्या तुकड्यांसारखं.

तिने वहीत तारीख घातली, आकडे लिहिले, खाली लिहिलं, ‘चुंबक फिरवून.’ पेनने. पेन्सिलने नाही.

“तुम्हाला कधी कळलं?”

“तू आकृत्या काढत होतीस, तेव्हा.”

“म्हणजे दहा दिवस.” तिने बोटांवर मोजलं नाही, तिला आकडे असेच येत. “बाबांना मी परवा सांगितलं. डेपोत सगळ्यांना सांगितलं त्यांनी.”

“मयूरी, मला वाटलं—”

“मला एक वाक्य सांगितलं असतं तरी चाललं असतं, काका. तुम्ही हजार शब्द लिहिलेत.”

सर त्या वेळी पाहुण्या बाईंना आणायला औरंगाबादच्या विमानतळावर गेले होते. तिने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी ‘ऐकू येत नाहीये, उद्या बोलू’ म्हणून ठेवला. शुक्रवारी सकाळी ते थेट सभागृहात आले, नवा शर्ट, शेजारी डॉ. रंगनायकी. मयूरी पुढे झाली.

“सर, दोन मिनिटं बोलायचं होतं.”

“नंतर, नंतर. बाईंचं विमान आहे संध्याकाळचं. सुरू कर तू.”

सभागृहात साठेक माणसं. दुसऱ्या विभागांतलेही आले होते. मी शेवटच्या रांगेत, प्रोजेक्टरशेजारी, माझ्या नेहमीच्या जागी.

तिने सुरुवात चांगली केली. उष्णता सरळ, वीज आडवी, रस्त्याचा पीळ, सगळं इंग्रजीत, पण घाट तिने ठेवला होता. मग ती आकृती पडद्यावर आली जिच्यासाठी बाई एवढ्या लांबून आल्या होत्या. शेकण्याआधी अधिक, शेकल्यावर उणे. सरांनी खुर्चीत अंग जरा मागे टेकलं.

“ही आकृती चुकीची आहे,” मयूरी म्हणाली. “शेकल्यामुळे चिन्ह उलटत नाही. दोन मोजमापांच्या मधे चुंबकाची बाजू बदलली होती, आणि ते मी तपासलं नाही. काल फिरवून परत मोजलं. चिन्ह पहिल्यासारखंच आहे. चूक माझी आहे.”

सरांची मान मला मागून दिसत होती. ती हलली नाही.

मी उभा राहिलो. कशाला ते ठरवलं नव्हतं.

“चूक तिची नाही,” मी म्हटलं. “चुंबक मी फिरवला. खंडेनवमीला. फोटोसाठी.”

मग कुणीतरी फस्सकन हसलं. त्याच्यामागून दुसरा. मग अख्खं सभागृह. रविवारचा लेख सगळ्यांनी वाचला होता. वनस्पतिशास्त्राचे सर डोळे पुसत होते. “वेळ काय साधलीय सरोदेंनी!” कुणी म्हणालं. “पोरीला सावरून घेतलं बघा!”

“मी खरं सांगतोय,” मी म्हटलं.

ते वाक्य सर्वांत जास्त हशा मिळवून गेलं. एकोणीस वर्षांत माझ्या कुठल्याही वाक्याला एवढा हशा मिळाला नव्हता. मी आणखी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं, कारण लोक माझ्या तोंडाकडेच बघत होते, पुढच्या विनोदाची वाट बघत.

डॉ. रंगनायकींनी इंग्रजीत शेजारी विचारलं, की एवढं हसण्यासारखं काय झालं. शेजारी उपासनी सर होते. ते हसत नव्हते. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. अंगठ्याने खूप वर, खूप मागे गेले. मग थांबले. चष्मा कपाळावर चढवून पडदा डोळ्यांजवळ नेला. हशा एकेका रांगेने विझत गेला.

सर उठले. फोन बाईंच्या हातात दिला.

“हा फोटो मी काढलाय,” ते म्हणाले, आधी इंग्रजीत, मग सभागृहाकडे वळून मराठीत. “तारीख खाली आहे. चुंबक फिरवा असं मीच सांगितलं होतं. परत फिरवू का, असं यांनी विचारलं होतं. मी नको म्हणालो.” मग थोडं थांबून, “लेख मीही वाचला होता. मला वाटलं, रसायनशास्त्रावर आहे.”

या वेळी कुणी हसलं नाही. वाक्य चांगलं होतं.

बाईंनी फोटो मोठा करून नीट पाहिला. फोन परत दिला. मग मयूरीला विचारलं, “चिन्ह सोडा. शेकल्यावर आकडा वाढला का?”

“वाढला. पाचव्या हिश्शाने.”

“कितीदा मोजला?”

“काल एकदाच.”

“मग तो दहादा मोजा, दहा तुकड्यांवर. छोटी गोष्ट आहे. पण कुणी चुंबक फिरवला तरी ती टिकेल.” आणि त्यांनी वही मिटली.

सर मान डोलावत राहिले. दहा तुकडे वाढवायचे, शेकायचे, मोजायचे, म्हणजे आठ महिने. ते गणित सभागृहात सगळ्यांना येत होतं. डिसेंबर गेला, जपानची जागा गेली. सरांनी त्याच दुपारी मुदतवाढीचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला आणि कारणाच्या रकान्यात ‘मार्गदर्शकाची चूक’ असं घातलं. कार्यालयाने तो दोनदा परत पाठवला, असं कारण यादीत नाही म्हणून. तिसऱ्यांदा त्यांनी तो तिथे उभं राहून मंजूर करून घेतला. मी सदर आणखी पाच आठवडे चालवलं आणि बंद केलं. वाचकांची दोन पत्रं आली. त्यातलं एक नळजोडणीबद्दल होतं.

पण त्या शुक्रवारी यातलं काही ठरलेलं नव्हतं. व्याख्यान संपल्यावर मयूरी व्हरांड्याच्या टोकाला कठड्याशी उभी होती. मी तिच्याकडे निघालो, आणि त्या साठेक पावलांत मी आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण तयार केलं. त्यात क्षमा होती, एकोणीस वर्षं होती, भेकड माणूस विनोदामागे कसा लपतो याचं विवेचन होतं, आणि एकही कोटी नव्हती. मी तिच्यासमोर उभा राहिलो, हात जोडले.

“मयूरी, आज मला तुझ्याशी—”

तिचा फोन वाजत होता. तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचे डोळे कोरडे होते, पण तिने अंगठा दोनदा फोनच्या हिरव्या खुणेपर्यंत नेला आणि दोन्ही वेळा मागे घेतला.

“काका, ते नंतर,” ती म्हणाली आणि फोन माझ्या जोडलेल्या हातांत कोंबला. “बाबा आहेत. अजून आठ महिने लागतील, एवढंच सांगा. आणि जरा थोडक्यात सांगा, त्यांची गाडी सुटायचीय.”